आपल्या किनाऱ्याची कोळंबी : गोडी येते कोठून, जाते कोठे?

"ताई, ही आपल्या खाडीची, बाहेरची नव्हे," असे सांगून कोळीण कोळंबीचा वाटा पुढे करते आणि शेजारच्या पाटीपेक्षा चार पैसे जास्त मागते. गिऱ्हाईक थोडे कुरकुरते, पण जाणकार असेल तर देते. या चार पैशांना काही आधार आहे की ते नुसते बोलण्यातले कौशल्य आहे? आधार निश्चित आहे. परंतु पाण्याबाहेर काढल्यानंतर पाच-सहा तास माल तसाच ठेवला तर तो आधार राहत नाही आणि मग 'आपल्या खाडीची' हे शब्द फुकट जातात. ज्यांची शेती खाडीला लागून आहे व जे पाग टाकून कोळंबी धरतात, ज्यांनी खाऱ्या जमिनीत तळे केले आहे आणि ज्यांच्या घरची नौका डोलीवर जाते, अशा सर्व बंधू-भगिनींनी हा विषय नीट समजून घ्यावा. मोठ्या तळ्यांच्या कोळंबीशी वजनात आपली बरोबरी होणार नाही. आपल्याजवळ आहे ती चव, आणि तीच सांभाळायची आहे.

जवळा, करंदी आणि कोळंबी

बोलताना आपण सर्वांनाच कोळंबी म्हणतो, पण माल वेगवेगळा आहे. जवळा हा सर्वांत बारीक, साधारण १५ ते ४० मि.मी. लांबीचा. शास्त्रीय भाषेत त्यातील मुख्य जात असेटिस इंडिकस म्हणून ओळखली जाते. काही गावांत त्यालाच कोलीम म्हणतात. जवळा म्हणजे कोळंबीची पिल्ले, असा समज अनेक शेतकऱ्यांचा असतो. तो चुकीचा आहे. जवळा ही स्वतंत्र जात असून पूर्ण वाढल्यावरही ती एवढीच राहते. त्याहून मोठी व सडपातळ ती करंदी. त्यानंतर खरी कोळंबी. तिच्यात सफेद आहे, मोठी पट्टेवाली वाघी आहे, आणि खाडीत मिळणाऱ्या लहान-मध्यम जाती आहेत.

कोळंबीच्या अनेक जाती समुद्रात अंडी घालतात. तिची सूक्ष्म पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, चिखलाच्या व तिवरांच्या आश्रयाने वाढतात आणि मोठी होऊन पुन्हा समुद्रात जातात. म्हणजे तुमच्या बांधापलीकडची खाडी हा त्यांचा पाळणा आहे. तेथील तिवरे तोडली किंवा खाडीत सांडपाणी सोडले, तर पुढच्या हंगामात नुकसान खाडीकाठाबरोबर समुद्रावर जाणाऱ्यांचेही होते.

डोलीवरचे काम

वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा व रायगडच्या उत्तर भागात जवळा आणि करंदी मुख्यतः डोल जाळ्यात मिळते. शेतकरी वाचकांपैकी अनेकांनी हे जाळे पाहिले नसेल. एक लांबलचक, निमुळती होत जाणारी पिशवी समजा. तिचे तोंड समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहासमोर उघडे ठेवतात. हे जाळे माशांमागे ओढत नेत नाहीत. भरती-ओहोटीचे पाणी त्यातून वाहते आणि पाण्याबरोबर आलेला माल शेवटच्या भागात, म्हणजे खोल्यात, साठतो. पाणी फिरण्यापूर्वी थोडा वेळ प्रवाह थांबतो. त्या अवधीत नौका जाळ्यावर जाऊन खोला उचलते आणि गाठ सोडून माल रिकामा करते.

त्यामुळे डोलकराचे घड्याळ भिंतीवर टांगलेले नसते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आज पहाटे तीनला निघालेला नाखवा चार दिवसांनी सकाळी सहाच्या सुमारास निघतो आणि पुढच्या आठवड्यात भर दुपारी. आपल्या किनाऱ्यावर जुने लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हिशेब ढोबळ आहे, पण उपयोगी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाहाला जोर असतो आणि जाळे भरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी सुस्त असते, तेव्हा काही वेळा डिझेलचा खर्चही निघत नाही. घरातील स्त्रियांचे कामही याच पाण्यावर चालते. नौका रात्री दोनला लागली तर दोनला उठून माल निवडायचा, जवळ्यातून करंदी, बोंबील व कचरा वेगळा करायचा आणि उजाडण्यापूर्वी बाजाराची गाडी गाठायची.

या पद्धतीत एक मोठा फायदा दडलेला आहे. मोठे ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात असतात. त्यांच्या जाळ्यात कोळंबी इतर मासळीच्या वजनाखाली चेंगरते आणि बंदरात येईपर्यंत तिला काही दिवस झालेले असतात. डोलीचा माल मात्र एका पाण्याचा असतो. सकाळी निघालेला माल दुपारी ताटात पडू शकतो. एवढी ताजी कोळंबी मोठ्या शहरांतील श्रीमंतालाही सहज मिळत नाही.

गोडी येते कोठून?

ताज्या कोळंबीला साखर न घालताही गोडी असते. ती कशाची, याचे उत्तर खाऱ्या पाण्यात आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाण्याचा धोका असतो. मीठ चोळलेल्या काकडीला पाणी सुटते, तसाच हा प्रकार. तो टाळण्यासाठी कोळंबी आपल्या मांसात ग्लायसीन, प्रोलीन, ॲलॅनिन यांसारखी अमिनो आम्ले मोकळ्या स्वरूपात साठवून ठेवते. यांतील ग्लायसीन जिभेला स्पष्ट गोड लागते. पाणी जितके खारे, तितका हा साठा अधिक. पाणी गोडे होत गेले की साठ्याची गरज कमी होते आणि चवही सपक होते. पावसाळ्यात नदीचा लोंढा आल्यावर धरलेली कोळंबी आणि फाल्गुन-चैत्रात पाणी चांगले खारट असताना धरलेली कोळंबी यांत फरक आहे, असे जुने खाणारे सांगतात. त्यांच्या जिभेला रसायनशास्त्राचा पाठिंबा आहे.

दुसरी गोष्ट वासाची. समुद्राच्या कोळंबीला जो 'दर्याचा' वास असतो, तो ब्रोमोफेनॉल नावाच्या पदार्थांमुळे येतो. समुद्रातील काही शेवाळे व चिखलातील कृमी यांच्या अंगात हे पदार्थ तयार होतात. कोळंबी ते खाते आणि वास तिच्या मांसात उतरतो. अत्यल्प प्रमाणात तो हवासा वाटतो. तळ्यात केवळ गोळीखाद्यावर वाढलेल्या कोळंबीत हे पदार्थ फारच कमी असतात, म्हणून ती दिसायला उत्तम असूनही चवीला 'काहीतरी कमी' वाटते. आज शहरांतील बाजारात बारमाही दिसणारी व्हेनामी कोळंबी मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. भारतात तिच्या संवर्धनास २००९ मध्ये परवानगी मिळाली. ती वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तिने सामान्य माणसाच्या ताटात कोळंबी आणली. परंतु कमी खाऱ्या पाण्यात, गोळीखाद्यावर वाढलेल्या मालाची आणि आपल्या खाडीच्या मालाची चव एक नसते, आणि का नसते हे गिऱ्हाइकाला सांगता आले पाहिजे.

गोडी जाते कोठे?

कोळंबी मेल्यानंतर तीन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. तिच्या डोक्यात पाचक ग्रंथी असते. त्या ग्रंथीतील पाचक रस आता तिचेच मांस पचवू लागतात. म्हणून डोके सैल पडते आणि मानेजवळचे मांस पिठूळ होते. दुसरे, सालीखाली विकरांच्या क्रियेने काळे डाग पडतात. असे डाग पडलेली कोळंबी विषारी नसते, पण भाव मात्र पडतो. तिसरे, जिवाणू वाढतात. गोडी देणारी तीच मोकळी अमिनो आम्ले त्यांचे आयते खाद्य असते. म्हणजे जी गोष्ट आपल्या कोळंबीला चवदार करते, तिच्याचमुळे ती लवकर नासते. बांगडा किंवा सुरमईपेक्षा कोळंबी अधिक जपावी लागते ती यासाठी.

या तिन्ही क्रिया उष्णतेने वाढतात. ढोबळ मानाने, उन्हात राहिलेला एक तास म्हणजे बर्फातील जवळजवळ एक दिवस. पाटी नौकेवर तीन तास उघडी राहिली आणि लिलावाच्या जागी आणखी दोन तास, तर 'आजची' कोळंबी चवीने चार-पाच दिवसांची झाली. ती बाहेरगावाहून बर्फात आलेल्या कोळंबीपुढे हरते आणि आपल्याला कळत नाही की गिऱ्हाईक का फिरले!

येथे एक जुना समज आडवा येतो. 'बर्फातली म्हणजे शिळी' असे आपल्याकडे गिऱ्हाईक मानते आणि त्याच्या भीतीने विकणारी बर्फ टाळते. पूर्वी बर्फ फक्त दूरच्या मालाला लावला जात असे, त्यामुळे हा समज पडला असावा. आज तो आपल्या मुळावर येत आहे. बर्फाने शिळी कोळंबी ताजी होत नाही हे खरे. परंतु ताजी कोळंबी ताजी ठेवण्याचा दुसरा स्वस्त उपाय नाही.

खात्री पटण्यासाठी घरी एक प्रयोग करून पाहावा. नौकेवरून किंवा पागातून आलेली एकाच वेळची अर्धा किलो कोळंबी घ्या. निम्मी ताबडतोब बर्फात ठेवा, निम्मी पाटीत झाकून सावलीत ठेवा. पाच तासांनी दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत फक्त मीठ घालून तीन-चार मिनिटे उकडा. मसाला घालू नये, कारण मसाला दोष झाकतो. कोणती कोठली हे न सांगता घरातील माणसांना चाखायला द्या.

बर्फ कसा वापरावा?

बर्फ किती लागतो याचा हिशेब सोपा आहे. १० किलो कोळंबी ३० अंश सेल्सिअसवरून शून्याजवळ आणण्यासाठीच सुमारे ३ किलो बर्फ वितळतो. त्यानंतर बाहेरची उष्णता सतत आत येत असते, तिच्यासाठी वेगळा बर्फ लागतो. म्हणून साध्या पाटीत किंवा क्रेटमध्ये मालाइतकाच बर्फ, म्हणजे एकास एक प्रमाण, धरावे. उष्णतारोधक पेटी असेल तर कमी पुरतो. लादी फोडून चांगला बारीक चुरा करावा, कारण मोठ्या ढेकळांच्या टोकांनी साल फाटते आणि मधल्या मालाला गारवा पोचत नाही. तळाशी बर्फ, त्यावर कोळंबीचा पातळ थर, पुन्हा बर्फ, असे रचावे आणि सर्वांत वर बर्फच असावा. बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असावा. मालाला लावलेला बर्फ दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरू नये.

एक चूक मात्र फार जण करतात. पेटीला भोक नसते आणि वितळलेल्या पाण्यात कोळंबी तासन् तास डुंबत राहते. गोडी देणारी अमिनो आम्ले पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे ती गाळाबरोबर वाहून जातात आणि कोळंबी पांढरट, फिकी होते. 'बर्फाने चव जाते' ही तक्रार मुळात या पाण्याची आहे. पेटीच्या तळाला भोके ठेवावीत व पाणी निथळू द्यावे. सोललेली कोळंबी तर पाण्यात कधीच भिजत ठेवू नये. स्वयंपाकघरातही हाच नियम पाळावा.

डोके काढावे की ठेवावे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याच दिवशी जवळच्या बाजारात विकायची असेल तर ठेवावे. आपल्या गिऱ्हाइकाला डोक्यासकट कोळंबी पारखता येते आणि डोके काढल्यास वजनात ३५ ते ४० टक्के घट येते. दुसऱ्या दिवसावर जाणार असेल तर डोके काढून, एकदा स्वच्छ गार पाण्याने धुऊन लगेच बर्फात घालावी. काळे डाग टाळण्यासाठी काही ठिकाणी सोडियम मेटाबायसल्फाईट वापरतात. त्याच्या प्रमाणाला कायद्याने मर्यादा आहे आणि दम्याच्या रुग्णांना त्याचा त्रास होऊ शकतो. मूठभर पावडर अंदाजाने टाकण्याचा प्रकार तर अजिबात करू नये. वेळेवर बर्फ लावला तर स्थानिक विक्रीसाठी त्याची गरजही पडत नाही.

तळे असणाऱ्यांसाठी दोन शब्द

खाऱ्या पाण्याच्या तळ्यासाठी किनारी जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, हे येथे पुन्हा सांगून ठेवतो. चवीपुरते बोलायचे तर काढणीआधीच्या काही दिवसांत तळ्यातील पाणी शक्य तेवढे खारे राहील असे पाहावे. पावसाने पाणी गोडे झाले असता घाईने काढणी करू नये. तळातील गाळ व निळे-हिरवे शेवाळ वाढले की मालाला मातकट वास लागतो. तो मसाल्यानेही जात नाही. असा वास आल्यास पाणी बदलून काही दिवस थांबावे. काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद करावे म्हणजे आतडे रिकामे होते. पाग टाकून नमुना पाहावा. दहांत एखादीपेक्षा जास्त कोळंबी कात टाकून मऊ पडलेली असेल तर तीन-चार दिवस काढणी पुढे ढकलावी.

जवळा वाळवताना

खरे नुकसान आम्हांला दिसते ते येथे. जवळा भरपूर आला की ओल्याला भाव राहत नाही आणि तो खळ्यावर किंवा थेट वाळूवर पसरला जातो. वाळू मिसळली, वरून कोंबड्या-कुत्री फिरली, संध्याकाळी दव पडले की तोच जवळा माणसाच्या खाण्याऐवजी कुक्कुटखाद्याच्या किंवा फिशमीलच्या गाडीत जातो. माणसाच्या खाण्याचा भाव आणि खाद्याचा भाव यांतील तफावत आपल्या गावच्या व्यापाऱ्याला विचारून पाहा. ती तफावत म्हणजे घरातील स्त्रियांच्या रात्रभराच्या कष्टाची मजुरी आहे.

ओल्या जवळ्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. चांगला वाळल्यावर ते १५ ते २० टक्क्यांवर यावे. या हिशेबाने साधारण ४ किलो ओल्यापासून १ किलो सुका जवळा मिळतो. माल प्रथम स्वच्छ समुद्राच्या पाण्याने धुवावा. बंदरातील, नौका लागतात तेथील पाणी नको, त्यात तेल व घाण असते. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच बांबूची मांडणी करून तिच्यावर बारीक छिद्रांची नायलॉन जाळी ताणावी आणि तीवर जवळा पातळ पसरावा. खालून वारा लागल्याने तो लवकर व सारखा वाळतो. दर तासा-दीड तासाने हलवावा. रात्री गोळा करून झाकावा. मुठीत दाबून सोडला असता लगदा न होता सुटा राहिला आणि दाताखाली कुरकुरला, म्हणजे वाळला. पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरावा, नाहीतर आतून घाम सुटून बुरशी येते.

आणखी एक गोष्ट नाखवा मंडळींसाठी. खोल्याची जाळी फार बारीक ठेवली की जवळ्याबरोबर पापलेट, घोळ आदी मासळीची बोटभर पिल्लेही येतात आणि सुक्या मालात कचरा म्हणून जातात. बोंबील तर जवळ्यावरच जगतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी आहे. ती पाळण्यात सर्वांचेच हित आहे.

आगोटीची बेगमी

बंदीच्या आणि पावसाच्या दिवसांत नौका किनाऱ्यावर असतात, तेव्हा घर चालते ते सुक्यावर. म्हणून मे महिन्यातील आगोटीच्या बाजारात सोड्यांना मागणी असते. सोडे महाग का, असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढील हिशेब सांगावा. अख्खी कोळंबी सोलल्यावर निम्मे मांस हाती येते, त्यातही तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी. म्हणजे १ किलो सोड्यांना सुमारे ७ किलो कोळंबी लागते. वर सोलण्याची मजुरी वेगळी. सोड्यांसाठीही कोळंबी ताजीच घ्यावी. उरलेली, नरम पडलेली कोळंबी सोड्याला लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. असे सोडे पिवळट पडतात व शिजल्यावर कडवट लागतात. चांगले सोडे केशरी, वाकलेले, अखंड आणि कोरडे असतात. काचेच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात भरून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावेत. पाऊस थांबून ऊन पडेल त्या दिवशी एकदा उन्हात घालावेत.

सोलताना निघालेली डोकी ताजी असतील तर टाकू नयेत. स्वच्छ धुऊन, थोड्या तेलात परतून, पाणी घालून दहा मिनिटे उकळावीत आणि गाळून घ्यावीत. लाल रंग व बराचसा स्वाद त्या पाण्यात उतरतो. शेवग्याच्या शेंगा किंवा कच्ची कैरी घालून केलेल्या कालवणाला साध्या पाण्याऐवजी हे पाणी वापरावे. कोळंबी अगदी शेवटी घालावी आणि तीन-चार मिनिटांत भांडे उतरवावे. जास्त शिजली की ती रबरासारखी होते.